होज दाबण्याआधी दोरी हातात देणाऱ्या मिस्त्रींस

मिस्त्री,

स. न. वि. वि.

'दोन मीटरचे चार होज दाबून द्या' म्हणत कुणी लोडरला दाबाचं तेल नेणाऱ्या रबरी नळ्यांसाठी दुकानात आला की तुम्ही मशिनला हातच लावत नाही. कोपऱ्यातला दोरीचा गुंडा त्याच्या हातात देता आणि म्हणता, आधी मापून या. पहिल्या वेळी राग येतो. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात मिनी ट्रॅक्टरला पुढचा लोडर बसवून शेणखत ओढणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो आलेला आहे. म्हणून आभारही सगळ्यांनी मिळून, आणि उघड पत्रातूनच मानतो.

माप कशाचं घ्यायचं, हे तुम्ही शिकवलंत. लोडर खाली टेकवून घेतलेलं माप फसवं असतं. दांडे पूर्ण वर, पूर्ण खाली; बादली पूर्ण आत, पूर्ण उलटी; स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत; आणि पुढचं एक चाक जॅकवर घेऊन अ‍ॅक्सल स्टॉपरला टेकेपर्यंत तिरका. या सगळ्यांत दोरी जिथे सर्वांत लांब लागते ते माप धरायचं. त्यावर दाबाची सूट द्यायची: दाबाखाली होज दोन टक्के वाढू शकतो आणि चार टक्के आखडू शकतो. दोन मीटरला हे आखडणं आठ सेंटीमीटर होतं. ताणून बसवलेला होज मधे फुटत नाही, फेरुलच्या (टोकावर मशिनने दाबून बसवलेल्या लोखंडी कड्याच्या) तोंडाशी फुटतो, तो यामुळेच. आणि शक्य असेल तर दोरीऐवजी जुना होज लावून बघा, हेही तुमचंच सांगणं. दोरी कशीही वाकते. तीन सुती (आतून 3/8 इंच; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दोन तारेच्या (तारेचे दोन थर असलेल्या) होजला वळणाची त्रिज्या निदान 13 सेंटीमीटर लागते, चार सुतीला 18. तेवढी जागा नसेल तर होज कोंबायचा नाही, तिथे नव्वद अंशाचा एल्बो घालायचा. एका होजच्या दोन्ही टोकांना एल्बो असतील तर त्यांची तोंडं एकमेकांशी कोणत्या कोनात हवीत, हे दाबण्याआधी खडूने लिहून न्यायचं. एकदा फेरुल दाबली की ते फिरत नाही.

जाडीचा हिशेबही तुम्ही कागदावर मांडून दाखवता. पंप मिनिटाला 20 लिटर देत असेल तर दोन सुती होजमधून तेल सेकंदाला साडेदहा मीटर वेगाने पळतं, तीन सुतीतून पावणेपाच आणि चार सुतीतून अडीचच्या थोडं वर. दाबाच्या लाइनला सहाच्या आत ठेवायचं, नाहीतर जोर तेल तापवण्यातच जातो. म्हणून सिलिंडरच्या लाइनी तीन सुती. पंपाकडून लोडरच्या लिव्हरांच्या व्हॉल्व्हकडे येणारी आणि व्हॉल्व्हकडून मागच्या, नांगर उचलणाऱ्या लिफ्टकडे जाणारी मात्र चार सुती, कारण या ट्रॅक्टरांच्या ओपन सेंटर पद्धतीत लिव्हरला हात लागो न लागो, तेल त्या दोन होजमधून दिवसभर फिरतच असतं. टाकीची लाइनही चार सुती. सिलिंडर मिटताना त्याच्या बिनदांड्याच्या बाजूने जे तेल परत येतं, ते पंप देतो त्याहून जास्त असतं. हे मोजमाप आमच्यातल्या कुणीच आधी केलेलं नव्हतं. 'सगळं एकाच मापाचं घ्या' हेच सोपं वाटायचं.

एक तारेचा तीन सुती होज 180 बार दाबाचा, दोन तारेचा 330 चा. ट्रॅक्टरचा रिलीफ (दाब जादा झाला की तेल सोडून देणारा व्हॉल्व्ह) 150 ते 190 बारच्या आसपास. भरलेली बादली खड्ड्यात आपटली की सिलिंडरच्या लाइनीत क्षणभर दाब उसळतो, तेव्हा एक तारेचा होज घेऊन फार पैसे वाचत नाहीत.

सगळ्यांत मोठे आभार त्या सातव्या होजचे. बाजारात मिळणाऱ्या दोन लिव्हरच्या व्हॉल्व्हला पंपाकडून एक, सिलिंडरकडे चार आणि टाकीकडे एक एवढीच तोंडं बहुतेक जण मोजतात. मग व्हॉल्व्हच्या टाकीच्या तोंडातून निघालेला होज सरळ मागच्या लिफ्टला जोडतात, कारण लिफ्टलाही तेल हवंच. नांगर उचलताना लिफ्टचा पूर्ण दाब उलटा व्हॉल्व्हच्या परतीच्या पोकळीत येतो. ती पोकळी त्या दाबासाठी ओतलेलीच नसते. स्पूलच्या (लिव्हरने आत सरकणाऱ्या दांड्याच्या) टोकाचं सील बाहेर येतं, नाहीतर बिडाच्या अंगाला तडा जातो. यावर उपाय म्हणजे पॉवर बियाँडची स्लीव्ह: तिच्यामुळे लिफ्टकडे जाणारं दाबाचं तेल आणि टाकीकडे जाणारं परतीचं तेल वेगळं होतं. स्लीव्ह व्हॉल्व्हबरोबर येतेच असं नाही, वेगळी मागावी लागते. ती न घालता नुसतंच तोंड जोडलं, तर तेल सोपी वाट धरून टाकीत जातं आणि लिफ्ट हलत नाही. मग बिचाऱ्या पंपाला दोष. स्लीव्ह बसवल्यावर पुढची लिव्हर धरलेली असताना मागची लिफ्ट थांबते, तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

आणि त्या लाइनीत क्विक कपलिंग (हाताने चटकन जोडता-सोडवता येणारा जोड) घालायचं नाही. लोडर काढला की कपलिंगचं तोंड आपोआप मिटतं, इंजिन चालू झालं की पंपाच्या तेलाला जायला वाट नाही, आणि ट्रॅक्टरचा रिलीफ त्या कपलिंगच्या पुढे असेल तर मधल्या गोष्टींपैकी जे कमजोर ते फुटतं. कपलिंग फक्त सिलिंडरच्या चार लाइनींना. तुमच्या दुकानातल्या फळीवर ठेवलेलं ते फुटकं पंपाचं झाकण कुणाचं, हे विचारलं तरी तुम्ही सांगत नाही. तेही बरंच.

आट्यांचं प्रकरण तुमच्याइतकं कुणी गंभीरपणे घेत नाही. तीन सुती बीएसपीचा (ब्रिटिश पाइपच्या आट्यांचा) बाहेरचा व्यास 16.66 मिलिमीटर आणि इंचात 19 आटे. हायड्रॉलिक फिटिंगच्या एम 16 चा व्यास 16 आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड मिलिमीटर. बीएसपीचा नट एम 16 वर दोन वळसे आरामात जातो, मग अडतो, मग कुणीतरी लांब पाना लावतो. व्हर्नियर आणि पिच गेज दोन्ही लावल्याशिवाय तुम्ही अडॅप्टर देत नाही, म्हणून आमचे आटे शाबूत आहेत. टेफ्लॉन टेपवरून तुम्ही ज्यांना ज्यांना झापलंत त्यांच्या वतीनेही आभार. कोनाच्या सीटवर टेपचा उपयोग नसतो, आणि सुटलेला तुकडा स्पूलमध्ये अडकतो. व्हॉल्व्हच्या सपाट तोंडाला डाउटी वॉशर (आत रबर चिकटवलेला धातूचा वॉशर), बस्स.

लाइन कुठून न्यायची यावर थोडक्यात: व्हॉल्व्हपासून पुढपर्यंतचा सरळ भाग 12 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या सीमलेस स्टील पाइपचा, चॅसिसला दोन फाकांच्या प्लॅस्टिक क्लॅम्पने दर फूट-दीड फुटावर धरलेला. होज फक्त जिथे हालचाल आहे तिथे. सायलेन्सरपासून लांब, कारण या होजला 100 अंशांपर्यंतचंच तेल चालतं. पंख्याचा पट्टा, क्लचचा दांडा आणि टाय रॉडकडे तर बघायचंही नाही. दोन होज एकमेकांवर घासत असतील तर आज ना उद्या तार दिसणारच. नट आवळताना दुसऱ्या पान्याने होजचं टोक धरायचं. होजवर छापलेली रेघ पिळलेली दिसली की सोडून पुन्हा आवळायचं.

कापल्यावर आत राहिलेली रबराची आणि तारेची भुकटी तुम्ही हवेने उडवता, वर फोमची गोळी मारता आणि दोन्ही तोंडांना टोप्या लावूनच होज हातात देता. त्या टोप्या आम्ही जोडण्याच्या क्षणापर्यंत काढत नाही. चार होजना एक, दोन, तीन, चार अशा प्लॅस्टिक पट्ट्या बांधायची तुमची युक्ती तर अगदी साधी. तरीही लिव्हर ओढल्यावर लोडर खाली गेला तर घाबरायचं नाही, सिलिंडरवरचे दोन होज आपसात बदलायचे.

तेलाचा हिशेब बरेच जण विसरतात. तीन सुती दहा मीटर होजमध्ये 700 मिली तेल मावतं, 40 मिलिमीटर बोअर आणि 300 स्ट्रोकच्या दोन सिलिंडरांत 750. म्हणजे पहिल्याच दिवशी गिअरबॉक्समधून (तेलाची टाकी तीच) जवळजवळ दीड लिटर कमी. इंजिन मंद ठेवून, बादली रिकामी असताना सगळे सिलिंडर पाच-सहा वेळा टोकापर्यंत हलवायचे, मग सगळे मिटवून डिपस्टिक बघायची. सिलिंडर उघडे ठेवून भरलं तर मिटल्यावर पातळी वर जाते. तेलाला फेस दिसला तर हवा अजून बाकी आहे, किंवा सक्शनची कुठली तरी क्लिप सैल आहे. मागे तीन पॉइंटला वजन अडकवल्याशिवाय बादली भरायची नाही, हेही तुम्ही होज देताना प्रत्येकाला ऐकवता.

गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवा. हे वाक्य तुम्ही पावतीच्या मागे लिहून देता. टाचणीएवढ्या भोकातून 150 बारने निघालेलं तेल कातडीतून आत जातं, वरून फक्त मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. काही तासांत उपचार झाले नाहीत तर हात कापायची वेळ येऊ शकते. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जाऊन 'दाबाचं तेल शिरलंय' असं स्पष्ट सांगायचं, हे पावतीवर खाली बारीक अक्षरात असतं. जरा मोठ्या अक्षरात लिहा, मिस्त्री.

कपलिंग उन्हात ठेवलं की पुन्हा जोडलं जात नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनाही तुम्ही कधी नवं कपलिंग विकलं नाही. इंजिन बंद, बादली जमिनीवर, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडायचा, मग कपलिंग काढायचं, आणि लोडर सावलीत ठेवायचा, एवढंच सांगितलंत. दुकान तरी कसं चालतं तुमचं, कोण जाणे.

दोरीचा गुंडा अजून आमच्यापैकी कुणाच्या तरी शेडमध्ये आहे. खरड छाटणी आटोपली की शोधून पाठवतो.

आपले,
द्राक्षपट्ट्यातले मिनी ट्रॅक्टरवाले