तात्या, तुम्ही 'सलग' हा शब्द खोडलात त्याबद्दल

तीर्थस्वरूप तात्यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं नाव कुठं छापायचं नाही, असं तुम्ही दारापर्यंत सोडायला आलात तेव्हा दोनदा बजावलंत. ते मी पाळते आहे. पण आभार मानू नको, असं काही तुम्ही म्हणाला नव्हता. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

आपल्या गावच्या वाचनालयात १० ऑगस्टला, आबासाहेबांच्या जयंतीला, त्यांच्या निवडणुकांचा जो तक्ता भिंतीवर लागला तो बघून लोकांनी माझं कौतुक केलं. मास्तरीणबाईंनी पुण्याहून येऊन एवढं काम केलं, म्हणाले. तिथंच उठून सांगायला हवं होतं की हा तक्ता तुमच्या पत्र्याच्या ट्रंकेतून निघालाय. तेव्हा धीर झाला नाही. आज सांगते.

जे सांगोल्याचे नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. आबासाहेब म्हणजे भाई गणपतराव देशमुख. जन्म १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. वकिलीचं शिक्षण घेतलं, शेतकरी कामगार पक्षात, म्हणजे शेकापमध्ये, आले आणि सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघातून ११ वेळा विधानसभेवर निवडून गेले. १९७८ ला पुलोदच्या (पुरोगामी लोकशाही दलाच्या) आणि १९९९ ला लोकशाही आघाडीच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. ३० जुलै २०२१ ला गेले. अखेरपर्यंत एकच पक्ष, एकच मतदारसंघ, तोच लाल बावटा.

एवढं मलाही माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं वाटत होतं. तुमच्या सोप्यात घोंगडीवर बसून मी माझं टिपण वाचायला लागले ते अजून लख्ख आठवतं. पहिलंच वाक्य होतं, 'सांगोल्यातून सलग अकरा वेळा विजयी.' तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात आणि म्हणालात, "सलग न्हाय गं. दोनदा पडल्यात आबा. खोड ते."

मी म्हटलं, तात्या, सगळीकडं असंच लिहिलेलं असतं. जयंतीचा कार्यक्रम आहे, हरल्याचं कशाला काढायचं? तुम्ही चिडला नाहीत. शांतपणे विचारलंत, "त्या दोन साली आमी काय घरात बसून हुतो व्हय? तवाबी गावं चालत फिरलोय. ते कुठं लिव्हायचं मग?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्या वर्षी माणूस जिंकला तेवढीच वर्षं कागदावर ठेवली, तर हरलेल्या वर्षी ज्यांनी पाय झिजवले ते सगळे कागदावरून पुसले जातात. तुम्ही हे असं बोलला नाहीत. उठून आतून ट्रंक ओढत आणलीत.

तात्या, त्या ट्रंकेसाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. त्याआधी एका कचेरीत मी तीन चकरा मारल्या होत्या. जुनं रेकॉर्ड आहे की नाही, एवढंसुद्धा कुणी धड सांगितलं नव्हतं. आणि तुमच्याकडं कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या पाठीवर, शिसपेनीनं, प्रत्येक निवडणूक जिवंत होती. प्रत्येक पानाची चार घड्यांची घडी, वरून सुतळी. घडीवर कागद फाटू नये म्हणून तुम्ही मागून पाकिटाचा गोंद लावलेला तुकडा चिकटवला होता. शाळेत मी मुलांना इतिहासाची साधनं शिकवते. ताम्रपट, शिलालेख, बखरी. असं साधन हातात धरायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली.

दुपारभर आपण ती पानं मांडली. १९६२, महाराष्ट्र राज्य झाल्यावरची पहिली विधानसभा, आबा निवडून आले. १९६७, पुन्हा आले. १९७२, पडले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९० अशी सरळ ओळ. १९९५ ला पडले. १९९९ ला परत, आणि पुढं २००४, २००९, २०१४. तेरा वेळा उभे राहिले, अकरा वेळा आले. माझ्या टिपणात 'सत्तावन्न वर्षं आमदार' असंही होतं. ते तुम्ही बोटांच्या पेरांवर मोजून दुरुस्त केलंत. ६२ ते ७२ दहा, ७४ ते ९५ एकवीस, ९९ ते २०१९ वीस. एक्कावन्न. "मधली सा वरसं आबा आमदार नव्हतं. पर दारात माणसं तेवडीच असायची," म्हणालात. एक्कावन्न हा आकडा सत्तावन्नपेक्षा मला जास्त मोठा वाटला, कारण तो मोजलेला होता.

शेजारी एक रकाना आखायला तुम्हीच सांगितलंत: त्या त्या साली राज्यात पक्षाचे एकूण किती आले. मला त्यात काय विशेष आहे ते आधी कळलं नाही. आखत गेले तसं कळत गेलं. १९६२ ला १५, १९६७ ला १९. १९७२ ला काँग्रेसच्या २२२ जागा आल्या आणि शेकापचे उरले ७, त्यात सांगोला नाही. १९७८ ला १३, १९८५ ला पुन्हा १३, १९९० ला ८, १९९५ ला ६. १९९९ ला ५. २००४ ला २. दोन! आणि त्यातला एक आपला. सबंध राज्यात पक्ष आटत चाललेला आणि एका दुष्काळी तालुक्यात त्याचा झरा चालू, हे त्या दोन रकान्यांनी जेवढं दाखवलं तेवढं दहा भाषणांनी दाखवलं नसतं. कार्यक्रमाला आलेला एक कॉलेजचा मुलगा त्या रकान्यापुढं बराच वेळ उभा होता. त्यानं तक्त्याचा फोटो काढला नाही, वहीत उतरवून घेतला.

आता १९९५ चं पान. ह्यासाठीच खरं तर हे पत्र.

त्या साली मतदान फेब्रुवारीत झालं आणि मोजणी मार्चमध्ये. महिनाभर पेट्या बंद. तुम्ही मोजणीला पक्षाचे प्रतिनिधी म्हणून बसला होता. मतपत्रिकांचा जमाना, जाळीच्या अलीकडं तुम्ही, पलीकडं टेबलावर गठ्ठे. जाळीच्या तारेत बोटं अडकवून इतका वेळ उभे होता की रात्री घरी आल्यावर बोटांवर तारेचे वळ होते, काकूंनी तेल लावलं. आबासाहेब १९२ मतांनी पडले. तालुक्यात गावं शंभराच्या घरात. गावामागं दोन मतं धरली तरी हिशेब संपतो. तुम्ही तोच हिशेब करत घरापर्यंत आलात आणि आपल्या एकट्या गावातली ऊसतोडीला गेलेली घरं आठवली. मतं निघाली अकरा. कुणाचं घर, नवराबायको दोघं का सासूपण, हे तीस वर्षांनी तुम्ही मला नावानिशी सांगितलंत. एकदाही त्या माणसांना दोष दिला नाहीत. पोट हातावर असल्यावर कोयता घेऊन जावंच लागतं, एवढंच म्हणालात.

त्या पानावर तुमच्या अक्षरात आकडा आहे: १९२. खाली दोन रेघा. आणि त्याखाली, त्याच शिसपेनीनं: 'उद्या कडबा आणणे.'

तात्या, हे वाचून मला गलबलून आलं. तुम्ही म्हणालात, मार्च महिना, ज्वारी निघालेली, कडबा आणायलाच पाहिजे होता. बरोबर आहे. पण मी ते पान तक्त्याच्या मधोमध लावलं, बाकी सगळी विजयाची पानं त्याच्या भोवती. साडेचार वर्षांनी, १९९९ ला, त्याच प्रतिस्पर्ध्याला हरवून आबासाहेब परत आले आणि मंत्री झाले, ते पान त्याच्या लगेच खाली आहे. २०१४ ला वयाच्या ८८ व्या वर्षी २५ हजारांहून जास्त मतांनी आले, ते शेवटी.

लोक आबासाहेबांचं नाव निघालं की एसटीचं सांगतात. आमदार असून एसटीनं फिरायचे, साधे राहायचे. तेही खरंच आहे आणि मलाही ते ऐकायला आवडतं. पण तुम्ही म्हणालात, "यष्टीचं खाली लिव्ह. पान्याचं वर लिव्ह." आणि मग तुम्ही आटपाडीच्या पाणी परिषदांचं सांगत बसलात. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब, तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं, भाकरी फडक्यात बांधून आलेली. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशात आणायचं, ही मागणी त्या मांडवात बसून तुम्ही पहिल्यांदा ऐकली तेव्हा शेजारच्याला म्हणाला होता की हे काय आपल्या हयातीत होत नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूला उचललेलं पाणी पुढं सांगोल्याकडं वळलं. माझी आई रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला जायची, डोक्यावर पाटी घेऊन. तिच्या पिढीनं पाण्यासाठी माती वाहिली. तुमच्या पिढीनं पाण्यासाठी परिषदा भरवल्या, मोर्चे काढले. आता आमच्या बांधावर डाळिंब आहे. आमदाराची कारकीर्द लिहायला बसलं की नुसत्या निवडणुका लिहून भागत नाही, दोन निवडणुकांच्या मधलं लिहावं लागतं, हे मला तुमच्यामुळं उमगलं. सूतगिरणीचं पानही त्यामुळंच तक्त्यात आलं. माझ्या यादीत गिरणी नव्हतीच. दुष्काळी तालुक्यात शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी सूतगिरणी उभी राहते आणि टिकते, हे तुम्हाला अकराव्या विजयाइतकंच मोठं वाटतं. बायकांची वेगळी सूतगिरणी निघाली हे तर तुम्ही तीनदा सांगितलंत, आणि तिन्ही वेळा आवाज चढला होता.

एका बाबतीत मी तुमच्याशी वाद घातला, त्याबद्दल माफी मागते. २०१९ ला वयामुळं आबासाहेब थांबले, नातू उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब, निवडून आले. माझं म्हणणं होतं की तक्ता तिथपर्यंत न्यावा, लोकांना आवडेल. तुम्ही ठाम होता. "नातवाचं नातवाच्या कागदावर. आबांच्या कागदात मिळवायचं न्हाय." मला ते हट्टाचं वाटलं होतं. आता वाटतं तुमचंच बरोबर होतं. ज्याची मतं त्याच्या नावावर. २०१९ चा आणि २०२४ चा कागद मी वेगळा केला, शेजारच्या भिंतीला लावला, आणि त्यातही ७६८ चा आकडा गाळला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही मागच्या रांगेत, खांबाला टेकून बसला होता. पुढं बोलावलं तर हातानंच नको म्हणालात. अध्यक्षांनी भाषणात 'सलग अकरा वेळा' म्हटलं तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही तक्त्याकडं बोट केलंत आणि गप्प राहिलात. मग पुढच्या बाकावरची सातवीतली एक मुलगी मोठ्यानं म्हणाली, "सलग नाही, दोनदा हरलेत. तिथं लिहिलंय." सभेत सगळे तिच्याकडं बघायला लागले. अध्यक्षांनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि माइकवरून चूक दुरुस्त केली. तात्या, तेव्हा तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवलीत. तेवढं मी बघितलं.

तुमची पानं माझ्याकडं जपून आहेत. सगळ्यांचे नीट फोटो काढून घेतले आहेत, छापून एक संच वाचनालयाला दिला आहे. मूळ पानं तुमची आहेत, ती दिवाळीच्या सुट्टीत स्वतः घेऊन येते, पोस्टानं पाठवायचा धीर होत नाही. सुतळी जुनी झाली होती, पण बदलली नाही.

१९८५ च्या पानावर कडेला आडवा एक शब्द आहे, शाईनं लिहिलेला. बाकी सगळं शिसपेनीचं, तेवढाच एक शाईचा. मी भिंग लावून बघितलं, मला तो लागत नाही. आले की तेवढा वाचून दाखवा.

काकूंना नमस्कार सांगा.

आपली नम्र,
वरच्या आळीची, तुमच्या शाळासोबत्याची नात