वाणिज्यमंत्री साहेब, मोरोक्कोची वाट छोट्या व्हेंडरलाही दाखवा

मा. पीयूष गोयल साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी भोसरीत गाड्यांचे प्रेस पार्ट, म्हणजे पत्रा दाबून केलेले सुटे भाग, बनवतो आणि मोठ्या कंपन्यांना पुरवतो, म्हणजे त्यांच्या भाषेत व्हेंडर. मोरोक्को म्हटलं की आपल्याकडे अजून खतच आठवतं, आणि त्यात चूक काही नाही, जगातल्या फॉस्फेटच्या साठ्यापैकी सुमारे 70 टक्के साठा त्यांच्याकडे, टाटा केमिकल्स आणि चंबल फर्टिलायझर्स यांची तिथल्या ओसीपी या सरकारी फॉस्फेट कंपनीबरोबर जोर्फ लास्फर बंदराला फॉस्फोरिक ॲसिडची भागीदारी कितीतरी वर्षं चालू आहे. पण साहेब, तो देश खताच्या कधीच पुढे गेलाय. निर्यातीत आता गाड्यांनी फॉस्फेटला मागे टाकलंय.

कसं केलं बघा. 2007 ला टँजियर मेड बंदर सुरू केलं, तिथून सामुद्रधुनी ओलांडली की स्पेन, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर. 2012 ला जवळच रेनॉचा कारखाना आला, तयार गाड्या रेल्वेने थेट बंदरात जातात. 2019 ला केनित्राला प्यूजोवाले आले. 2024 मध्ये त्या बंदराने एक कोटीच्या वर कंटेनर हाताळले. आधी बंदर, रेल्वे, जागा, मग कारखाने, हा क्रम मला फार आवडला.

आता वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा, घ्या. बोर्डावर खुंट्यांमधून एकेक वायर हाताने ओढायची, टेप गुंडाळायची, कनेक्टर बसवायचे, मशीनला हे काम नीट जमत नाही, म्हणून युरोपातल्या गाड्यांचे हार्नेस मोठ्या प्रमाणावर मोरोक्कोत बनतात आणि त्या लाईनवर हजारो मुली काम करतात. त्याला लागणाऱ्या क्लिपा, ब्रॅकेट, टर्मिनल, रबरी ग्रोमेट, हे सगळं आपल्या एमआयडीसीत बनतं हो!

मोठ्यांना रस्ता सापडतो. संभाजीनगरच्या व्हॅरॉकने तिकडे लाइटिंगचा प्लांट टाकला होता, पुढे 2022 मध्ये युरोप-अमेरिकेतला तो धंदाच विकला. सप्टेंबर 2025 मध्ये राजनाथ सिंह साहेबांनी बेरेशिदला टाटांच्या चिलखती गाड्यांच्या कारखान्याचं उद्घाटन केलं, त्या गाडीच्या डिझाइनमध्ये आपल्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीईचा, म्हणजे डीआरडीओच्या वाहन संशोधन प्रयोगशाळेचा, हात आहे, वाचून ऊर भरून आला. पण आमच्यासारख्याचं काय? तिथल्या 2022 च्या गुंतवणूक कायद्यात 30 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, मात्र मुख्य योजनेत बसायचं तर गुंतवणूक पाच कोटी दिरहम, म्हणजे आपले चाळीस-पंचेचाळीस कोटींच्या वर, आणि शिवाय 50 नोकऱ्या, नाहीतर मग 150 नोकऱ्या द्या. एकट्या व्हेंडरला कुठून झेपणार. बँकेत विचारलं तर म्हणाले इथली जागा तारण द्या, तिकडची मशिनरी आम्ही धरत नाही.

तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. लागोपाठ दुष्काळ पडले, बेरोजगारी 13 टक्क्यांच्या आसपास, 2025 च्या सप्टेंबरातच तरुण पोरं दवाखाने आणि शाळांसाठी रस्त्यावर उतरली होती, आणि 2030 च्या वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहतायत तेव्हा त्यांचा राग मला पटतो. म्हणून आपण जायचं तर तिथल्या पोरापोरींना डाय सेटिंग, टूल रूमचं काम शिकवत जायचं, नुसतं स्वस्त मजूर म्हणून बघायचं नाही. कागदपत्रं फ्रेंचमध्ये, त्यालाही माणूस लागतो.

साहेब, मोरोक्कोशी आपला मुक्त व्यापार करार नाही, अमेरिकेने तो 2006 पासूनच लागू केलाय, युरोपचा त्याच्याही आधीचा. खताचे लांब मुदतीचे सौदे करताना त्याच टेबलावर आमचाही विषय घ्या ना. भोसरी, चाकण, वाळूज, अंबड इथल्या दहा-पंधरा व्हेंडरना एका शेडमध्ये एकत्र बसता येईल अशी जागा टँजियर किंवा केनित्राला मागा, म्हणजे मिळून ती अट पुरी होईल. आयात-निर्यातीला कर्ज देणाऱ्या सरकारी एक्झिम बँकेला आमच्या साइझचं कर्ज द्यायला सांगा, तारण तिकडच्या मशिनरीवर. आणि पुढचं शिष्टमंडळ जाईल तेव्हा त्यात चार खुर्च्या लघुउद्योगवाल्यांच्या ठेवा, तिकिटाचा खर्च आम्ही करू.

आपला,
भोसरीतला एक लघुउद्योजक