तो कॅलिपर उलट्या बाजूला बसला आहे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांवर आलेला लेख आवडीने वाचला. या गाड्यांवर मराठीत कुणी पानभर लिहिणे मुळातच दुर्मीळ, तेव्हा लेखकाचे आधी अभिनंदन. पण लेखासोबत जो मोठा फोटो छापला आहे, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. हे पत्र शक्यतो लवकर छापावे. सनावळ्यांची चूक महिनाभर थांबू शकते, ब्रेकची नाही.

फोटो एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या चाकाच्या जागेचा आहे. चाक काढलेले, गाडी स्टँडवर, चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची डिस्क चकचकीत आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून चाक थांबवणाऱ्या कॅलिपरला लालभडक रंग. नवे कॅलिपर बसले, आता गाडी रस्त्यावर यायला सज्ज, अशा अर्थाची ओळ खाली आहे. आता त्या कॅलिपरच्या आतल्या अंगाकडे नीट बघा. हवा काढायचे निपल, काळ्या रबरी टोपीसकट, खालच्या टोकाला दिसते आहे. ते वर असायला हवे. याचा अर्थ डावा कॅलिपर उजवीकडे गेला आहे आणि उजवा डावीकडे. ज्यांची ही गाडी असेल त्यांना कृपया आजच फोन करून सांगा की ती बाहेर काढू नका.

आयुष्यभर हायड्रॉलिक ब्रेकचेच काम केल्याने माझी नजर फोटोतही आधी निपलाकडे जाते. हा घोळ होतो कसा, तेही सांगतो. हे दोन कॅलिपर एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. उलटसुलट लावले तरी बोल्ट बिनबोभाट बसतात, डिस्क मधोमध येते, पॅड सरकतात, ब्रेक ऑइल आणणारा रबरी होजही कसाबसा पोचतो. कुठेच काही अडत नाही, म्हणून शंकाही येत नाही. पण हवा हलकी, ती वर जाते. निपल खाली असले की त्यातून स्वच्छ, एकही बुडबुडा नसलेले ब्रेक ऑइल येत राहते आणि हवा मात्र पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या मागे वरच्या कोपऱ्यात, पालथ्या भांड्यात अडकावी तशी बसून राहते. एक जण पेडल मारतोय, दुसरा निपल उघडतोय, डबेच्या डबे ऑइल जाते, दोघांचीही खात्री पटते की एअर निघाली. गाडीत बसून पाहिले की पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर येते. मग दोष पेडलपाशी ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरला दिला जातो, तो बिचारा बदललाही जातो, आणि पेडल आहे तिथेच. उपाय साधा आहे. दोन्ही कॅलिपर काढून आपापल्या बाजूला लावायचे, तांब्याचे वॉशर नवे घालायचे आणि मागचे ड्रम ब्रेक आधी नीट ॲडजस्ट करून मग पुन्हा हवा काढायची. मागची लायनिंग ड्रमपासून लांब राहिली तर पुढे कितीही नवे बसवा, पेडल लांबच जाणार.

लेखाचा एकंदर सूर असा आहे की ब्रेक धरूनच राहत असतील तर कॅलिपर बदला आणि निर्धास्त व्हा. माझा खरा आक्षेप याला आहे. कॅलिपर बदलण्यापूर्वी तो बिघडला आहे का, हे कुणी पाहिले? गाडी एका बाजूला ओढते, हब तापतो, उतारावर सोडली तरी गाडी घरंगळत नाही, या तक्रारी घेऊन येणाऱ्याचा कॅलिपर बऱ्याचदा ठणठणीत असतो.

तपासायला एक पाना पुरतो. चाक उचला, कुणाला तरी पेडल दाबून सोडायला सांगा. चाक हाताने फिरत नसेल तर निपल थोडे सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर पिस्टन चालू आहेत, दाब मागे कुठेतरी कोंडला होता. चाक तरीही धरूनच राहिले, तर पिस्टन गंजून अडकला आहे आणि मग कॅलिपर खुशाल काढा. पहिला प्रकार असेल तर निपल बंद करून पुन्हा पेडल दाबायचे, चाक धरले की या वेळी रबरी होजच्या अलीकडचा, धातूच्या नळीचा नट सैल करायचा. चाक सुटले तर दुखणे मास्टर सिलिंडरकडे आहे. पेडलच्या दांडीला थोडी ढील हवी ती नसते, किंवा ऑइल परत येण्याचे बारीक भोक बुजलेले असते. सुटले नाही, तर होज.

होजबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण लेखात त्याचे नावही नाही. रबर जुने झाले की आतून फुगते, त्याचे पापुद्रे सुटतात. बाहेरून हात फिरवला तर एक चीरसुद्धा लागत नाही. पायाचा जोर मोठा, तो ऑइलला त्या बुजलेल्या नळीतून पलीकडे ढकलतो. परत आणायला मात्र फक्त पिस्टनभोवतीच्या सीलचा जोर असतो. हे सील चौकोनी कापाचे. पिस्टन पुढे गेला की ते जागच्या जागी किंचित पिळवटते, दाब गेला की सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. आत स्प्रिंग वगैरे काही नाही, सगळी परतीची व्यवस्था त्या रबराच्या कडीवर. एवढ्या जोराने ऑइल बुजलेल्या होजमधून मागे कसे यायचे? पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि नवा कॅलिपर घातला तरी आठवड्याभरात तेच. म्हणून कॅलिपरला हात लावताय तर होज बदला, तोही दोन्ही बाजूंचा. काढताना आधी धातूच्या नळीचा नट सोडायचा, मग ब्रॅकेटवरचा लॉकनट, आणि सगळ्यात शेवटी होज कॅलिपरमधून फिरवून काढायचा. एक टोक बांधलेले असताना दुसरे फिरवले की होज पिळला जातो. आणि सुटलेला कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने वर बांधावा.

आता आट्यांची गोष्ट, जिच्यामुळे माझी झोप उडते. ट्रायम्फची टीआर६ ही १९६९ मध्ये बाजारात आली. तिचे सुरुवातीचे गर्लिंग कंपनीचे कॅलिपर इंची आट्यांचे, नंतरचे मेट्रिक. टेबलावर शेजारी ठेवले तर लांबून फरक कळणार नाही. इंची होजचा आटा ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या जरासा वर, आणि इंचाला २४ पेड. मेट्रिकचा १० मिलिमीटर, पेड एक मिलिमीटरचा. दोन पेडांमधल्या अंतरात फरक जेमतेम ०.०६ मिलिमीटरचा. मेट्रिक कॅलिपरमध्ये इंची होज घातला तर तो हाताने सरसर आत जातो, थोडा डुगडुगतो, मग पान्याने घट्टही झाल्यासारखा वाटतो. वॉशर दबतो, गळती नाही, सगळे छान. प्रत्यक्षात आटे फक्त टोकाटोकांनी धरलेले असतात. एखाद्या दिवशी पुढे कुणी आडवे आले, पाय जोरात पडला, की होज आटे सोडून बाहेर. उलट प्रकार, म्हणजे इंची कॅलिपरमध्ये मेट्रिक होज, त्यामानाने कमी घातकी, कारण तो सुरुवातीलाच अडतो. पण तिथे रेटणारे मेस्त्रीही मी पाहिले आहेत. बदली कॅलिपर डब्यातून निघाला की आधी आट्यांचा गेज लावावा. डब्यावर काय छापले आहे त्याला माझ्या लेखी किंमत नाही.

मुळात मी बदलण्याच्या बाजूचा नाही. कॅलिपरचे धड बिडाचे, जाडजूड; ते सहसा खराब होत नाही. खराब होतो पिस्टन. जुने पिस्टन पोलादाचे, वर क्रोमचा मुलामा. डस्ट कव्हर फाटले की पाणी शिरते, मुलाम्याखाली गंज चढतो, खड्डे पडतात आणि ते खड्डे सील कुरतडतात. आज स्टेनलेस स्टीलचे पिस्टन आणि सीलचा संच मिळतो. धड शाबूत असेल तर तेच घालावेत. पिस्टन काढायला सर्वांत सभ्य उपाय म्हणजे कॅलिपर होजपासून सोडण्याआधी गाडीच्याच पेडलने ते पुढे आणून घेणे, एकाला क्लॅम्प लावून धरायचे म्हणजे दुसरा येतो. हवेच्या दाबाने काढत असाल तर मध्ये लाकडाची फळी ठेवा आणि बोटे लांब. पिस्टन बंदुकीच्या गोळीच्या बेताने सुटतो. सीलची खाच पितळी किंवा लाकडी टोकाने साफ करावी, स्क्रूड्रायव्हरने नाही. जोडताना ताजे ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचे लाल ग्रीस. इंजिन ऑइल, पेट्रोल, साधे ग्रीस, यांचा थेंबही नको, सील फुगून निकामी होते. आणि कॅलिपरचे दोन अर्धे जोडणारे बोल्ट विनाकारण सोडू नयेत. त्या जोडात ऑइलच्या वाटेवर एक छोटे सील असते, बनवणाऱ्यांचाही सल्ला तो जोड न उघडण्याचाच होता.

ब्रेक ऑइलबाबत लेखकाने डॉट ५ या प्रतीचे घाला असे एका ओळीत सांगून टाकले आहे. डॉट ५ सिलिकॉनचे, डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉलचे, सिलिकॉन आणि ग्लायकॉल एकमेकांत मिसळत नाहीत. सिलिकॉन घालायचे तर आधी सगळी नळी, सगळी सिले जुन्या ऑइलपासून साफ हवीत. मी स्वतः डॉट ४ वापरतो आणि ते ठरल्या वेळी बदलतो. ते हवेतले पाणी ओढून घेते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ वर येते. घाटात सतत ब्रेक मारणाऱ्याला हा फरक पायाला कळतो. शिवाय ते रंग खाते, तेव्हा फोटोतला लाल रंगही पहिल्याच सांडलवंडीला उतरेल, ते एक असो.

इतिहासाचीही एक दुरुस्ती. डिस्क ब्रेक रस्त्यावर पहिल्यांदा जॅग्वारने आणले, असे लेखात आहे. शर्यतीत जॅग्वारचा मान मोठा, वादच नाही. १९५३ मध्ये ल मान्सची शर्यत सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली. पण मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या ब्रिटिश गाडीला पुढच्या चाकांवर ते मुळातच बसवून देण्याचे श्रेय १९५६ च्या ट्रायम्फ टीआर३ चे, तेही गर्लिंगचे. जॅग्वारची एक्सके१५० त्यानंतर, १९५७ ची. आणि ब्रिटनबाहेर पाहायचे तर सिट्रोएनची डीएस १९५५ मध्येच आली होती.

पुढच्या भागात मागच्या ब्रेकविषयी लिहिणार असल्याचे लेखकाने म्हटले आहे. त्यात जॅग्वारची ई-टाइप घेणार असतील तर एवढे जरूर सांगावे की तिचे मागचे कॅलिपर चाकापाशी नसतात. ते आत, मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलला चिकटून असतात, त्यांच्यावर हँडब्रेकचे वेगळे कॅलिपर. चाक काढून तिथे हात पोचत नाही. बहुतेक जण मागचा सगळा सांगाडाच खाली उतरवतात, आणि मला तेच पटते. एकदा उतरवलाच आहे तर डिफरन्शियलची ऑइल सील त्याच वेळी बदलावीत, कारण डिस्कची उष्णता त्यांना कडक करते आणि गळलेले ऑइल थेट डिस्कवर येते. बॉडीकडून त्या सांगाड्याकडे जाणारा रबरी होज दोन्ही मागच्या ब्रेकना मिळून एकच आहे. मागची दोन्ही चाके एकदम धरत असतील तर सांगाड्याला हात घालण्याआधी तो तपासावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ब्रेक फिटर