माळावरच्या बिळांसाठी एक विनंती

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

छत्रपती शाहू महाराजांच्या काळी कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे, म्हणजेच काळवीट पोसणारे माळ तेव्हा येथे होते. २०२२ साली नामिबियातून चित्ते विमानाने कुनोला आले. माळावरच्या उंदरासाठी मात्र कोणी बैलगाडीही जुंपणार नाही. तरीही माझी विनंती त्याच्यासाठीच आहे: एखाद्या माळावर या बीळ करणाऱ्या प्राण्याला पुन्हा नांदू द्यावे, गरज पडल्यास बाहेरून आणून सोडावे.

शेपटीला झुबका असलेला आपला देशी माळउंदीर आणि साळिंदर हे दोघेही माती उकरतात. त्यामुळे खालची माती वर येते, पहिल्या वळवाचे पाणी वाहून न जाता खड्ड्यात मुरते, तेथे बी अडकून रुजते, आणि सोडून दिलेल्या बिळात नाग, धामण, घोरपड आसरा घेतात. खोकड आणि घुबड यांचे तर पोटच या उंदरांवर चालते. अशा माळाला पडीक ठरवून आपण त्यावर झाडे लावण्यासाठी खड्डे घेतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

पोलंडमध्ये नामशेष झालेली, बीळ करून राहणारी एक खार २००५ पासून पुन्हा माळावर सोडण्यात आली. तिला आखूड गवत लागते, त्यामुळे चराई किंवा कापणी थांबली की ती टिकत नाही. म्हणून आपल्याकडेही नुसते प्राणी सोडून भागणार नाही. धनगरांच्या मेंढरांना ठराविक काळ तेथे मोकळीक द्यावी लागेल.

शेतकऱ्यांची धास्ती खोटी नाही, कारण हाच उंदीर भुईमुगात शिरला की नुकसान करतो, शिवाय तो प्लेगच्या जंतूंचा वाहकही असू शकतो. त्यामुळे जागा पिकांपासून दूर असावी, सोडण्यापूर्वी प्राण्यांची आरोग्यतपासणी व्हावी आणि भरपाईची तरतूद आधीच असावी. मसाई पठारासारखे जांभ्याचे सडे मात्र वगळावेत. तेथील मातीचा थर इतका पातळ आहे की बीळ करणार कशात?

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. तेव्हा हातकणंगले किंवा शिरोळ तालुक्यातील एखाद्या सरकारी माळाची आधी पाहणी करून तेथे कोणती बिळे उरली आहेत हे नोंदवावे, आणि तोपर्यंत त्या माळावरील वृक्षलागवड व विषारी आमिषे थांबवावीत. बिळे शिल्लक असतील तर बाहेरून एकही उंदीर आणावा लागणार नाही.

आपला नम्र,
कोल्हापुरातील एक नागरिक