पान 14 वर अडकलेल्या मुलाकडून

ग्रंथालयातल्या देवघेव खिडकीमागच्या मॅडम,
स. न.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. ओळखाल मात्र नक्की. पहिल्या सत्रात एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मुदत वाढवून नेणारा तो मुलगा मी. तिसऱ्यांदा तारखेचा शिक्का मारायला तुम्ही ते उघडलंत, आतली कागदाची खूण बघितलीत आणि म्हणालात, "अजून पान 14 च?" मी हसून वेळ मारून न्यायला बघितलं. तुम्ही शिक्का बाजूला ठेवलात. "रात्री झोप लागते का रे?"

याला आता चार महिने होतील. तरी हे लिहिताना गळा भरून येतोय, तेव्हा वेडंवाकडं झालं तर चालवून घ्या.

त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं, असं म्हणता येणार नाही. प्रवेशानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मानसिक आरोग्यावर पाऊण तास भाषण झालं, मग एक फॉर्म भरून घेतला. 'गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का?' यापुढे मी 'जवळजवळ रोज'वर खूण केली होती. तो कागद कुठल्या कपाटात गेला देव जाणे. 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन आला, फाटकातच प्रत्येकाच्या शर्टाला हिरवी फीत टाचली गेली. ती लावून मी वर्गात न जाता दोन तास जिन्याखाली बसून होतो. समोरून जाणाऱ्या प्रत्येकालाही तीच फीत होती. मार्गदर्शक म्हणून नेमून दिलेल्या सरांना गाठलं, तर ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "पहिल्या वर्षी सगळ्यांनाच होतं रे. अभ्यासात मन घाल."

सगळ्यांनाच नाही होत, सर. पण पुष्कळांना होतं. आठ देशांतल्या 19 महाविद्यालयांतल्या पहिल्या वर्षाच्या जवळपास 14 हजार विद्यार्थ्यांची एक पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्य, चिंता, व्यसन अशा विकारांपैकी एखाद्याची लक्षणं साधारण तिघांतल्या एकाला कधी ना कधी जाणवली होती. हे नंतर वाचलं तेव्हा आधी धीर आला, मग संताप. इतक्या जणांना होतं हे माहीत असेल, तर त्याच कारणाने हात झटकायचे?

घरी असतो तर आईने माझ्या चपला काढण्यावरून ओळखलं असतं. नव्या जागी तेच तर अवघड. आपण आधी कसे होतो, हे तिथे कुणाला माहीतच नसतं. उतरलेल्या तोंडाने दोन महिने वावरलं की 'हा असाच आहे, अबोल' म्हणून सोडून देतात. बारावीपर्यंत वर्गात पहिला येणारा मी तिथे मधल्या गर्दीतला एक झालो होतो, त्याचीही कुणाला खबर नव्हती. तुमच्याकडे माझी एकच नोंद होती, ती म्हणजे न हललेली खूण. तेवढ्यावरून तुम्ही ताडलंत.

मग 'कार्ड आणलंस का?' असं विचारावं तितक्या साध्या आवाजात पुढचा प्रश्न विचारलात, "जगणं नकोसं वाटतं का कधी?" मी हो म्हणालो. पहिल्यांदाच, कुणाला तरी. तुम्ही दचकला नाहीत, उपदेशही केला नाहीत. असं विचारल्याने नसलेला विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, हे मला नंतर समुपदेशकांनी सांगितलं. तुम्हाला ते आधीच ठाऊक होतं की तुम्ही नुसत्या काळजीने विचारलंत, कुणास ठाऊक.

त्याच दुपारी तुम्ही मला समुपदेशकांच्या खोलीपर्यंत घेऊन गेलात. भेट कशी मिळवलीत, कुणाशी भांडलात, मला माहीत नाही. आत गेलो तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर तुम्ही पाठ उसवलेलं एक पुस्तक मांडीवर घेऊन बसला होतात, हातात डिंकाची बाटली. मला वाटलं, पाच मिनिटांत निघून जाल. तासाभराने दार उघडलं तर तुम्ही तिथेच, पुस्तकाची पाठ दोन्ही हातांनी दाबून धरलेली.

माझे डोळे सुजले होते. आता विचारणार, आत काय झालं, काय म्हणाले. मी उत्तर जुळवत होतो. तुम्ही फक्त म्हणालात, "हे जरा धर, वाळेपर्यंत सोडायचं नाही." ग्रंथालयापर्यंत मी ते पुस्तक दाबून धरून चाललो. वाटेत एक शब्द नाही. त्या न विचारण्याचे उपकार कसे मानू?

पुढचं फार सांगत नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे गेले, त्यातले पहिले फार वाईट होते. आता झोप लागते. एका विषयात राहिलोय, तो देईन पुन्हा. चांगुलपणा म्हणजे मोठा त्याग वगैरे मला वाटायचं. बाकावर बसून राहणं त्यात मोजलं जातं, हे लक्षातच आलं नव्हतं.

एक कबुली राहिली. तुम्ही चौथ्यांदाही मुदत वाढवून दिलेलं ते पुस्तक मी अखेर वाचून काढलं. खरं सांगू का मॅडम, पान 14 च्या पुढेही ते कंटाळवाणंच आहे.

तुमचा,
खिडकीसमोरच्या टेबलावरचा