तात्या आणि हरवलेलं रीळ

प्रिय दिन्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच. हे फोनवर बोललो असतो तर तू मधेच "मीटिंग आहे" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितोय.

परवा तुझ्या तात्यांना जेवायला आणलं होतं. जेवणं झाल्यावर आमच्या चिरंजीवांनी भिंतीवर पिक्चर लावला, 'ग्राइंडहाउस', २००७ चा. रॉड्रिग्ज आणि टॅरेंटिनो, दोघांनी एकेक पिक्चर काढून एका तिकिटात दोन दिले, मधे नसलेल्या पिक्चरच्या खोट्या जाहिराती. एकूण १९१ मिनिटं. त्यांच्याकडच्या जुन्या, भडक, स्वस्तातल्या थेटरांना केलेला मुजरा. अमेरिकेत साफ आपटला, मग बाहेरच्या देशांत दोन्ही सुटे करून विकले. तात्या मशीन चालवायचे त्या आपल्या थेटरचे शेठ असते तर मधे 'पुराना मंदिर'चं एक रीळ घालून चालवून दाखवला असता. गंमत म्हणजे त्यातली 'थँक्सगिव्हिंग'ची खोटी जाहिरात २०२३ ला खरा पिक्चर होऊन आली.

आम्ही पहिलाच बघितला, 'प्लॅनेट टेरर'. विषारी वायूनं फोड आलेली माणसं माणसांना खातात, नाचणाऱ्या बाईचा पाय जातो तर तिथे मशीनगन बसवतात. आमची ही उठून आत गेली. तात्या मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. गोष्टीकडे लक्षच नाही. पडद्यावर रेघा, ठिपके, उड्या, आणि तात्यांचं सुरू: "कुणी चालवलंय हे? मशीनचं गेट पुसत नाही का मेला?" पोरगा म्हणाला, आजोबा, हे रीळच नाही, डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलंय, रेघा मागाहून मुद्दाम टाकल्यात.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पैसे देऊन?"

रिळांची पेटी आली की तात्या काय करायचे ते तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस. रीळ चिमटीत धरून हळूहळू गुंडाळत जायचे, कडेची फाटकी छिद्रं बोटाला लागली की थांबायचे. ब्लेडनं खरवडायचं, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. एवढं करूनही तुटलंच तर पिटातून "ए मशीनवाल्या" आणि पुढे तुझ्या आजीचा उद्धार. आणि तू माझ्या शेजारी बसून सगळ्यात जोरात शिट्टी मारायचास, हरामखोर.

तर पुढे. हिरो-हिरोईन जवळ येतात, फिल्म जळल्यासारखी होते आणि पाटी येते: रीळ गहाळ, व्यवस्थापन दिलगीर आहे. पुन्हा सुरू होतं तेव्हा हॉटेल पेटलेलं, शेरीफ रक्तबंबाळ, आणि तो हिरोला म्हणतोय की तू कोण आहेस ते सांगितलंस, बरं झालं. काय सांगितलं? ते हरवलेल्या रिळात. पोरगा लोळून हसला. तात्या म्हणाले, "ऑपरेटरनं काढलं असणार."

"तुम्ही काढलंत कधी, आजोबा?"

"काढलं नाही. जोडलं."

दिन्या, मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो. नववीत मॉर्निंग शोवरून मी जे बोललो आणि तू कंपासपेटी फेकून मारलीस, ती खूण भुवईत अजून आहे. त्यानंतर आपण दोघांनी तो विषय कधी काढला नाही. आणि इथे तात्या बडीशेप चघळत सांगतायत! शेठचा माणूस 'बिट', म्हणजे नागड्या सीनचा तुकडा, वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. सकाळच्या इंग्रजी पिक्चरच्या तिसऱ्या रिळात जोडायचा, शो संपला की सोडवून परत द्यायचा. खाकी कपडे दिसले की डोअरकीपर खालून बेल मारायचा. पगार तेवढाच. "मी नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणी जोडला असता, आणि त्याचा जोड सुटला असता," म्हणे. बघ, त्यातही अभिमान!

पोरगा कॉलेजसाठी छोटी फिल्म करतोय. त्याला घबाडच मिळालं. तात्यांनी स्वतःच रविवारी कॅमेरा घेऊन यायला सांगितलंय.

आता माझी पंचाईत बघ. डिसेंबरात तुझ्या मिनीचं लग्न. व्याह्यांच्या मोबाइलवर तात्या 'बिट कसा जोडावा' समजावतायत, हे चित्र डोळ्यापुढून हलत नाही. पोरगा म्हणतो चेहरा दाखवत नाही, फक्त हात. अरे, मशीनच्या दिव्यातल्या कार्बननं भाजलेला तो अंगठा अख्खं गाव ओळखतं! त्याला दटावून थांबवता येईल, पण तात्यांना काय सांगू? काकू गेल्यापासून ते एवढं सलग बोललेले मी ऐकले नव्हते. आणि तो अमेरिकन पिक्चर बघताना मला एक सारखं टोचत होतं. ज्यांनी तसली थेटरं लांबून बघितली ते मजेत मुजरा करतात. आत मशीनपाशी जो उभा होता त्याला कोण विचारतं? पोरानं विचारलं, मोबदल्यात चहासुद्धा न घेता ते बोलले. पण हे मी सहज म्हणतो, बाप माझा नाही.

घरी सोडताना त्यांनी विचारलं, "दिनूला माहीत आहे का रे हे?" मी म्हटलं, नसावं. "बरं," म्हणाले आणि दार लावून घेतलं. खरं वाटलं की नाही, देव जाणे.

तेव्हा शनिवारपर्यंत मला कळव. त्याहून बरं, त्यांनाच फोन कर. नको म्हणालास तर पोराला मी बघतो, शिव्या मी खाईन.

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची पाठ कशी आहे? मिनीला आशीर्वाद, मुलगा चांगला वाटला फोटोत, जरा गंभीर आहे. हॉलचं बुकिंग लवकर कर.

तात्यांनी इस्त्रीला शर्ट टाकलाय, निळा. पांढरा कॅमेऱ्यात फुटतो म्हणे.

तुझा,
पक्या