मांडीवर सूप, रकान्यात 'घरकाम'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेत माणसांची मोजणी होणार आहे आणि 1931 नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात लिहून घेतली जाणार आहे. त्यामुळे सीमाभागात जिथं चार माणसं जमतात तिथं हाच विषय असतो. जात काय सांगायची, पोटजात काय सांगायची, आणि मातृभाषा मराठीच सांगायची, कुणाच्या दबावाला बळी पडायचं नाही. यावर माझं दुमत नाही. आकड्यांची किंमत निपाणीकरांना वेगळी सांगायला नको. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या ज्या महाजन आयोगाने 1967 साली बेळगाव आपल्याला नाकारलं, त्यानेच निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं होतं. दोन्हींपैकी एकही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

मला लिहायचंय ते मात्र कामाच्या रकान्याबद्दल. त्याविषयी कुणी सभा घेत नाही.

मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. केलं आणि आता सर्वेक्षणाची कामं करते. सीमाभागातल्या प्रश्नांवर अभ्यास करणारे बरेच येतात. विडी कामगार, ऊसतोडीची मुलं, सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडलेल्या बायका, बंद पडत चाललेल्या मराठी शाळा, असे विषय असतात. प्रश्नावली त्यांची, उन्हातान्हात दारं वाजवणारी माणसं आमच्यातली. मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, एवढंच आमचं भांडवल. पैसे फॉर्मवर मिळतात. आई हजार विड्यांमागे मजुरी घ्यायची, मी फॉर्ममागे घेते. विडीला छाट असते, म्हणजे खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, तशी फॉर्मलाही असते. एखादा रकाना मोकळा राहिला किंवा मोबाईलवर घराचं ठिकाण चुकीचं आलं की सुपरवायझर तो फॉर्म बाजूला काढतो आणि त्याचे पैसे बुडतात. त्यामुळे एका घरात किती वेळ बसायचं याचा हिशोब डोक्यात चालूच असतो.

आता त्या घरात काय होतं ते सांगते. निपाणीतल्या एका गल्लीतलं घर. बाई उंबऱ्याजवळ भिंतीला पाठ टेकून बसलेली, मांडीवर सूप. सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला कापलेली पानं. ती पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली, सकाळी पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कातरलेली. पानात चिमूट टाकायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. बोलताना ती हाताकडे बघतसुद्धा नाही. पंचवीस-पंचवीसचे कट्टे शेजारी रचलेले. मी विचारलं, "वहिनी, तुम्ही काय काम करता?" ती म्हणाली, "काम कुठलं ओ, घरातच असतोय मी." आतून नवऱ्याचा आवाज आला, "ती काय करत न्हाई, घरकाम लिवा." आणि हे चालू असताना तिच्या एक-दोन विड्या वळून झाल्या.

मी तिचं काम विडी वळणे असंच लिहिलं. पण त्यासाठी मला पुढचे चार प्रश्न विचारावे लागले. पानं कुणी आणली, कट्टे कुणी पोचवले, पैसे कुणाच्या हातात आले, कार्ड कुणाचं. तेव्हा कळलं की कारखान्याचं कार्ड सासूच्या नावावर आहे. सासूची नजर गेली, ती आता वळत नाही. वळतात दोघी सुना आणि शाळेतून आल्यावर थोरली नात. कार्डावर एक नाव, सुपाला तीन जोड हात. मजुरी, पी.एफ., सगळं त्या एका नावावर. सुनांना विडी कामगाराचं ओळखपत्र नाही, म्हणून त्या कामगारच नाहीत. त्यांनाही तसंच वाटतं. हे एकाच घरातलं म्हणावं, तर आमच्या भागात असं घर शोधावं लागत नाही.

या चार प्रश्नांना पाच-सात मिनिटं गेली. फॉर्ममध्ये त्यांना जागाच नव्हती, मी ते समासात लिहिले. कितीही प्रामाणिक माणूस असला तरी संध्याकाळपर्यंत ठरलेले फॉर्म पुरे करायचे असतील तर तो समासात लिहीत बसणार नाही. मग अहवालात येतं की या भागातल्या एवढ्या टक्के स्त्रिया कामात नाहीत, आणि त्याखाली परंपरा, पुरुषप्रधान मानसिकता, शिक्षणाचा अभाव असली कारणं. कारणं खोटी नाहीत, पण बाई कामात नाही हे पहिलं वाक्यच दारात बिघडलेलं असतं. आपल्याच कर्नाटकातले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात महिनोन्‌महिने राहिले होते, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं. आता बहुतेक अभ्यासक दोन दिवस येतात, तेही तंबाखूच्या वखारींच्या उग्र वासाने नाकाला रुमाल लावून. त्यांचं छापून झालेलं इथल्या बायकांना कुणी वाचून दाखवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जनगणनेचे नियम या बाबतीत चांगले आहेत, हे मुद्दाम लिहिते. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य कामगार, कमी असेल तर सीमान्त. मोबदला हातात मिळाला नाही तरी काम ते कामच. 1991 पासून तर घरच्या शेतात, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणं धरावं असं प्रश्नातच घातलं आहे, आणि 2001 पासून घरी प्यायला म्हणून म्हशीचं दूध काढणंही कामात आलं. घरगुती उद्योगाला स्वतंत्र वर्ग आहे. आता विडीचं काम पूर्वीसारखं रोज मिळत नाही. आमच्या गल्लीत आठवड्याला चार दिवस पानं मिळाली तरी बायका खूश असतात. पण चार दिवसांनी वर्षाचे दोनशेच्या वर दिवस होतात, म्हणजे ती बाई मुख्य कामगार झाली. नियम तिच्या बाजूने आहे. तो तिच्या दारापर्यंत पोचत नाही, कारण प्रश्न 'काम करता का' असा एका दमात विचारला जातो आणि उत्तर बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी देतो.

हा हट्ट कशासाठी, असं कुणी विचारेल. विडीचा धंदा उतरणीला लागलाय आणि तो संपावा असं माझंही मत आहे. आईचा खोकला ऐकत मी मोठी झाले. पण धंदा बंद होताना किती बायकांच्या हातचं काम जाणार हा आकडा कुठून आणणार? विडी कामगारांच्या दवाखान्यांना आणि मुलांच्या शिष्यवृत्तीला 1976 च्या कायद्याने विड्यांवर उपकर होता, तो 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा गेला. आता पैसे सरकारच्या मर्जीवर, आणि मर्जी डोकी मोजून चालते. तंबाखूच्या भावासाठी 1981 साली निपाणीत आंदोलन झालं, शेतकरी संघटनेचे शरद जोशी आले, गोळीबारात शेतकरी गेले, त्याची आठवण सगळ्यांना आहे. त्याच तंबाखूच्या धुळीत वखारीत आणि घरात बसलेल्या बायांची नीट मोजणी निदान आता तरी व्हावी.

प्रगणक म्हणून, म्हणजे जनगणनेची माहिती लिहून घ्यायला, येणारे बरेचसे आपल्याच शाळांतले मास्तर आणि बाई असतील. त्यांना आधीच पुष्कळ कामं आहेत, दसऱ्याच्या सुट्टीतही त्यांनी 2025 चं कर्नाटक राज्याचं 60 प्रश्नांचं जातींचं सर्वेक्षण केलं, म्हणून त्यांच्यावर आणखी ओझं टाकायचं जिवावर येतं. तरीही सांगते. उत्तर त्या बाईकडूनच घ्या. 'काम करता का' असं न विचारता 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं' असं विचारा. आणि कार्ड कुणाच्या नावावर आहे यावर थांबू नका. निपाणी-चिक्कोडीकडे प्रशिक्षण होईल तेव्हा विडी वळणाऱ्या एक-दोघींना तिथं बोलावून हा रकाना त्यांच्याकडूनच भरून घेतला तर तासाभरात काम होईल.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच की जातीच्या आणि मातृभाषेच्या सूचनांची चौकट छापाल तेव्हा त्याच चौकटीत कामाचा प्रश्न आणि वरचे नियम मराठीत छापावेत. वहिनी पेपर वाचत नाहीत, पण त्यांची नात वाचते.

माझं नाव कृपया छापू नये. पुढच्या सर्वेक्षणाचं काम अजून हातात यायचं आहे.

आपली,
एक सर्वेक्षक, निपाणी